समुद्र बेचाळीस किलोमीटर

जुन्या पुलाच्या वळणावर मैलाचा एक दगड उभा आहे. तिथून आता गाडी जात नाही, पायवाटसुद्धा झुडपांनी गिळलीय, पण दगडाचा रंग मात्र काल दिल्यासारखा ताजा. एका बाजूला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या, समुद्रकाठच्या गावाचं नाव आणि खाली आकडा: ४२. दुसऱ्या बाजूला आपल्याच गावाचं नाव आणि खाली १३७०. सगळाच उलटा कारभार. आपलं गाव तिथून बेचाळीस किलोमीटरवर आणि समुद्र तेराशे सत्तर, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि हा खोटारडा दगड दर वर्षी रंगवतं कोण, तर रस्ते खात्यात उभी हयात बिनचूक आकडे टाकण्यात घालवलेले आकडेबुवा.

आकडेबुवा हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खात्यात मैलाचे दगड जोडीनं रंगवत. एक जण गावांची नावं काढायचा, दुसरा खाली अंतर टाकायचा. एकाच माणसाला दोन्ही जमत नाही असं नाही, पण अक्षराला वळण लागतं आणि आकड्याला धाक. दगड वाचायला कुणी गाडी थांबवत नाही. आकडा धावत्या डोळ्याला एका झटक्यात कळायला हवा. बुवांचा आकडा कळायचा. त्यांच्या दोनाची शेपटी शेवटी किंचित वर उचललेली असायची, एवढीच काय ती त्यांची हौस. घरातल्या डब्यांवर, दारावर, गॅसच्या सिलिंडरवरसुद्धा त्यांनी तो दोन काढून ठेवला होता.

आणि जोडीदार? त्याचं नाव खात्यात पडलं वेलांटी. तो वेलांटी काढायला लागला की रोलरवाले रोलर थांबवून बघत बसत. खोटं कशाला सांगू, दगडावरचं अक्षर बघायला कुणी थांबेल असं मलाही वाटलं नसतं, पण थांबत. अकरा वर्षं हे दोघं एका डिझेलच्या व्हॅनमधून रस्त्यावर हिंडले. व्हॅन खात्याचीच. आत दोन फळ्यांचे दोन बिछाने, एक वर एक खाली. रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याची टाकी, आणि रंगाचे डबे लवंडू नयेत म्हणून भोकं पाडलेली एक फळी. वर वेलांटी झोपायचा, खाली आकडेबुवा. सहा-सहा दिवस घराकडे फिरकायचे नाहीत. टर्पेंटाईनचा वास दोघांच्या अंगाला इतका मुरला होता की बुवांची बायको, जिला अख्खी गल्ली काकू म्हणते, ती त्या व्हॅनला माझी सवत म्हणायची.

मग एकतीस वर्षांपूर्वी वेलांटीची बदली झाली. थेट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चौदाशे बारा किलोमीटर लांब. त्यानंतर दोघांची गाठ नाही.

नाही म्हणजे नाहीच. वेलांटीची दोन पत्रं आली. बुवांनी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली, उत्तर दिलं नाही. दर वर्षी म्हणत, या सुट्टीत जाऊन येऊ. कधी आई आजारी, कधी मुलाची परीक्षा, कधी छप्पर गळतंय. माणसाला न जायचं असलं की छप्परसुद्धा वेळेवर गळतं. पण दगड काही त्यांना सोडत नव्हते. वेलांटी गेल्यावर खात्यानं दुसरा जोडीदार दिलाच नाही, नावंही बुवांनाच काढावी लागली. रोज सकाळी उठायचं आणि जिथं आपला मित्र राहतो त्या गावाचं नाव दगडावर काढायचं, वर तो किती लांब आहे तेही आपल्याच हातानं लिहायचं. तुम्हीच सांगा, असलं कुणाच्या वाट्याला येतं?

चार वर्षांपूर्वी बुवा निवृत्त झाले. गेल्या वर्षी खात्यानं ती व्हॅन भंगारात काढली आणि समुद्र बघायला जायचं म्हणून बुवा ती घरी घेऊन आले. काकूंनी कपाळावर हात मारला. मुलानं समजावून पाहिलं. मुलगा गुणी आहे, एकतीस वर्षांचा, हिशेबनीस. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला समुद्र बघायचाय ना, मी आगगाडीची तिकिटं काढतो, दोन दिवसांत पोचाल. बुवा म्हणाले, आगगाडी दगडांवरून जात नाही. मुलाला काही कळलं नाही. त्यानं फोनमध्ये नकाशा घालून दिला, ब्रेक तपासून घेतले, नवे टायर बसवले आणि रोज संध्याकाळी फोन करायचं वचन घेतलं. बुवांनी आठ महिने खपून गाडी उभी केली. नोझल साफ केले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, खालच्या बिछान्यावर काकूंसाठी जाड गादी घातली. वरचा बिछाना नुसता पुसून ठेवला. तिथे पिशव्या ठेवू या म्हटलं तर म्हणाले, नको, मोकळा राहू दे.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी चावी अर्धी फिरवली, हीटर तापेपर्यंत वीस अंक मोजले आणि स्टार्टर मारला. काळ्या धुराचा एक लोट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला, शेजारीण काहीतरी पुटपुटली आणि सवतीसकट मंडळी रस्त्याला लागली. चाळीसच्या वर काटा गेला की स्टिअरिंग थरथरायचं, म्हणून चाळीस. काकूंनी पहिल्याच तासात सांगून टाकलं की या वेगानं आपण पोचेपर्यंत समुद्र आटलेला असेल. पण बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या हुकाला आपली पर्स अडकवली, चहाचं सामान भोकांच्या फळीत बसवलं आणि डबे जागचे हलत नाहीत म्हटल्यावर त्या गाडीच्या बाजूच्या झाल्या.

नवा महामार्ग गावं टाळून जातो. त्याच्यावर दगड नाहीत, मोठमोठ्या पाट्या आहेत, यंत्रानं छापलेल्या. फोनमधली बाई सारखी नव्या रस्त्यानं चला म्हणत होती. बुवांनी तिला गप्प केलं आणि जुना रस्ता धरला. मग एक एक दगड. खात्याच्या सगळ्या विभागांत कुणी ना कुणी रंगारी होताच, आणि बुवा त्यांना हातावरून ओळखायला लागले. हा घाईचा माणूस. हा डावखुरा दिसतो. याला साहेबाची भीती, बघ कसे काटकोनात काढलेत. हा मात्र प्यायचा, आठ बघ कसा कलंडलाय. काकूंना आधी हसू यायचं, मग त्याही सामील झाल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या डावखुऱ्याला लांबूनच ओळखू लागल्या होत्या.

वाटेत गाडीनं एकदाच दगा दिला. डिझेलच्या नळीत हवा शिरली आणि ती चढावर मध्येच बसली. बुवांनी पाना घेतला, नळीचं टोक सैल केलं, हातपंप मारत राहिले, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागल्यावर टोक आवळलं. अर्ध्या तासात गाडी सुरू. तोंडाला, बाह्यांना काळं फासलेलं. काकू ओलं फडकं घेऊन आल्या आणि तोंड पुसता पुसता म्हणाल्या, की एवढे तुम्ही आजवर कुठल्याच नातेवाइकासाठी राबला नाहीत. काय आहे काय त्या समुद्रात? बुवांनी नजर चुकवली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात नजर चुकवलेली बायकोला कळत नाही असं होत नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी सातशे सहाचा दगड आला. बुवांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले. रस्त्याचा हा बरोबर मध्य. पुढच्या बाजूला समुद्राचं गाव, ७०६. मागच्या बाजूला आपलं गाव, ७०६. बुवा दोनदा दगडाभोवती फिरले आणि मटकन त्याच्या शेजारीच बसले. काकू चहा घेऊन खाली आल्या तेव्हा ते म्हणाले, या एका दगडावर माझ्या हातून चूक झालीच नसती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही दगडाकडे बघत.

तेव्हा रस्ता नव्यानं केला होता. चोवीस ते बेचाळीस, असे एकोणीस कोरे दगड रंगवायचे होते. वेलांटीनं सकाळभर पुढे जाऊन सगळ्यांवर नावं काढली. ओल्या अक्षरांवर धूळ बसू नये म्हणून दर दगडाला वर्तमानपत्र गुंडाळून सुतळी बांधली, खाली आकड्यापुरती जागा उघडी ठेवली. हीच त्यांची पद्धत. मागून बुवांनी यादी बघून आकडे टाकायचे. यादीत दोन रकाने, डावा रकाना गाडीच्या तोंडासमोर येणाऱ्या बाजूचा, उजवा पलीकडचा. रंगवताना गाडीचं तोंड कायम समुद्राकडे असायचं, त्यामुळे अकरा वर्षांत कधी डोकं चालवायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी मात्र जेवायला सावलीत बसायचं म्हणून बेचाळीसच्या दगडापाशी त्यांनी गाडी वळवून पलीकडे लावली. जेवण झालं, आणि बुवांनी तिथूनच उलटं चोवीसपर्यंत यायचं ठरवलं. गाडीचं तोंड आता घराकडे होतं. डावा रकाना तोंडासमोर, उजवा पलीकडे. हात चालत राहिला. एकोणीसच्या एकोणीस दगड उलटे झाले. वेलांटी पुढच्या टप्प्याची मापं घ्यायला गेला होता. आणि बुवांचं लक्ष कुठं होतं? घरी. काकूंना आठवा महिना होता, दोन दिवस पायांना सूज होती आणि डॉक्टरीण बाईंनी तोंड बारीक करून पुन्हा तपासायला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या माणसांनी कागद काढले. दुपारपर्यंत एक ट्रकवाला खात्याच्या कचेरीत येऊन विचारता झाला, की समुद्र इकडे सरकलाय का, कारण मग त्याला माल इथेच उतरवायचाय. कचेरीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. नेमके त्याच आठवड्यात वरचे मोठे साहेब रस्ता बघायला यायचे होते, त्यामुळे इंजिनिअर तेवढा हसला नाही. त्यानं दोघांना उभं केलं आणि विचारलं, आकडे कोणी टाकले.

वेलांटी कायम होता, बुवा रोजंदारीवर. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नसे. बुवांनी तोंड उघडायच्या आत वेलांटी म्हणाला, मी. इंजिनिअरला चांगलं ठाऊक होतं कोण काय लिहितं ते. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवांच्या हातात ब्रश होता, त्याच्यावर आकड्यांचा काळा रंग वाळलेला होता. बुवा चकार शब्द बोलले नाहीत. आठ दिवसांत बदलीचा हुकूम आला. निघताना वेलांटी वरच्या बिछान्यावरचं अंथरूण गुंडाळत होता आणि बुवा खाली उभे राहून त्याला दोरी देत होते. तेव्हाही नाही बोलले.

अठरा दगड बुवांनी एकट्यानं पुसून नीट केले. बेचाळीसचा दगड तेवढा राहिला, कारण तिथवर हात पोचायच्या आत नवा पूल झाला, वळण बंद पडलं आणि यादीतून तो दगडच गेला. वर वेलांटीची अक्षरं, खाली आपला आकडा; जोडीनं केलेल्या कामातलं तेवढंच एक जसंच्या तसं उरलेलं. म्हणून बुवा दर वर्षी जाऊन त्याच्या अक्षरांवरून ब्रश फिरवत, केसभरही इकडे तिकडे न होऊ देता. आणि तो आकडा? तो त्यांना बदलावासा वाटेना. जगात ती एकच जागा होती जिथं वेलांटी बेचाळीस किलोमीटरवर होता.

चहावर साय आली. आठव्या महिन्यात घरातला पगार गेला असता तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुलगा जन्मला तेव्हा बाळबाळंतिणीला दवाखान्यात वीस दिवस काढावे लागले होते, आणि ते बिल रोजंदारीतूनच भागलं होतं. पुढच्या वर्षी बुवा कायमही झाले. म्हणजे आपलं घर ज्याच्या एका शब्दावर उभं राहिलं, त्याला साधं पत्रही कुणी टाकलं नाही. त्यांना नवऱ्याचा राग आला, आणि रागापेक्षाही जास्त, त्यानं हे एकट्यानं ओढलं याचं वाईट वाटलं.

"मला तरी सांगायचंत," त्या म्हणाल्या. "मी पत्र लिहिलं असतं."

बुवा म्हणाले, की पत्र लिहायला दहादा बसलो. पहिलं वाक्य हेच लिहायला हवं होतं, आणि तेच लिहवेना. दुसरं कुठलं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. आता तो आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नाही. असला तर त्याच्या तोंडावर सांगायचंय. तेवढ्यासाठी निघालोय.

"सांगा," काकू म्हणाल्या. "नाही जमलं तर मी सांगेन."

तिथून पुढे गाडीत थट्टा कमी झाली. बुवांचा जीव टांगणीला लागला होता. नऊशे गेले, हजार गेले, बुवांना जेवण जाईना. कुणी सांगावं, इतक्या उशिरा जाऊन एखाद्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघायला मिळायचा. खात्यातल्या एका कारकुनानं मागे सांगितलं होतं की वेलांटी निवृत्त होऊन शून्याच्या दगडाजवळच घर करून राहिलाय. पण तो कारकूनही आता राहिला नव्हता.

नवव्या दिवशी समुद्र साठ किलोमीटर उरला आणि अक्षर बदललं. बुवांनी करकचून ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं त्यांचा उद्धार केला, तो त्यांना ऐकूही गेला नाही. दगडावर वेलांटीची वेलांटी होती. नावाच्या डोक्यावरून अलगद निघून, जराशी थांबून, खाली उतरलेली. एकतीस वर्षं ज्याच्या रेघेवरून आपण ब्रश फिरवला तो हात समोर होता, आणि बुवांना तिथेच, रस्त्याच्या कडेला, रडू आलं.

काकू दगडाच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या. तिथं आपल्या गावाचं नाव. त्या वाकून बघत राहिल्या, मग त्यांनी हाक मारली.

"अहो, हा तुमचा दोन आहे."

१३५२ मधल्या दोनाची शेपटी शेवटी किंचित वर उचललेली होती. पुढच्या दगडावर १३५३, त्याच्यापुढे ५४, सगळीकडे जसे बुवा काढायचे तसे आकडे. वेलांटीला आकडे कधी जमले नव्हते. तिथं त्यालाही जोडीदार मिळाला नसणार, दोन्ही कामं एकट्यानं करावी लागली असणार, आणि आकडा काढायची वेळ आली की त्यानं आठवून आठवून बुवांचाच आकडा काढला होता. बुवा प्रत्येक दगडाला गाडी थांबवून मागे जाऊन बघायला लागले. काकूंनी एकदाही घाई केली नाही.

रंग मात्र जुना होता. ऊन-पावसानं फिकुटलेला, चार-पाच वर्षांचा. पन्नास, चाळीस, तीस, सगळे तसेच. त्यानंतर या रस्त्यावर कुणी ब्रश उचललेला नाही. वीस गेले, दहा गेले. मग तीनचा दगड आला आणि तो ताजा होता. पांढरा लख्ख, अक्षरं नवीन. पण रेघ सरळ नव्हती. नावभर ती थरथरत गेली होती, वेलांटी तर तीनदा अडखळून खाली पोचली होती. दोनचा दगड तसाच. एकचाही. हात थरथरणाऱ्या माणसानं घराजवळचे तीन दगड, खात्यानं न सांगता, स्वतःच्या रंगानं रंगवले होते.

"आहे," बुवा म्हणाले.

घर विचारावंच लागलं नाही. शून्याच्या दगडापलीकडे बैठ्या घरांची एक रांग होती, आणि इंजिनाची ठकठक ऐकून तिसऱ्या घराच्या पायऱ्यांवर एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. डोकं पूर्ण पांढरं, उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवलेला. बुवा उतरून समोर गेले तरी त्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो गाडीच्या दारावरून हात फिरवत होता.

"इंजिनाचे टॅपेट वाजतायत," वेलांटी म्हणाला. "तुला अजून कळत नाही का रे?"

घरात त्याची मुलगी होती. दवाखान्यात औषधं द्यायचं काम करते, दुपारची सुट्टी असल्यामुळे घरी आलेली. बायको जाऊन पाच वर्षं झाली म्हणे. तिनं खुर्च्या मांडल्या, चहा टाकला. वेलांटीनं खात्यातल्या एकेकाची चौकशी केली, कोण आहे, कोण गेला, रोलर अजून तोच आहे का. बुवा उत्तरं देत होते आणि ते एकच वाक्य पुढे ढकलत होते. चहा संपला. गप्पा संपत आल्या. काकूंनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"त्या एकोणीस दगडांवरचे आकडे मी टाकले होते," बुवा म्हणाले. "तू पुढे झालास आणि मी गप्प बसलो. तुझं सगळं आयुष्य मी इकडे ढकललं. हे मला तेव्हाच बोलायचं होतं."

वेलांटीनं डावा हात हवेत उडवला. म्हणाला, वेडा आहेस का, मला बदली हवीच होती. समुद्र बघायचा होता मला. तुझी चूक नसती झाली तरी मी अर्ज करून इकडे आलो असतो.

मुलगी कप गोळा करत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "बाबांना समुद्र? काका, बाबा आजवर एकदाही वाळूत उतरलेले नाहीत. लहानपणी मी हट्ट करायचे तर आईबरोबर पाठवायचे. सुट्टी असली की हे आपले दगडापाशी जाऊन बसायचे, तुमच्या गावाच्या बाजूला."

बुवांनी झटकन वेलांटीकडे पाहिलं. मुलीला वाटलं आपलं काही चुकलं, ती कप घेऊन आत गेली. वेलांटी आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिला. पकडला गेला होता, आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"राग आला होता," तो म्हणाला. "पहिली दोन वर्षं फार आला. तू बोलला नाहीस म्हणून नाही रे. तुझं घर होतं, मी समजत होतो. पत्र टाकलं नाहीस म्हणून. मग रोज सकाळी उठून तुझ्याच गावाचं नाव लिहायचं. राग धरून किती दिवस लिहिणार? अक्षर बिघडायला लागलं, तेव्हा सोडून दिला."

बुवांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. थरथर थांबली नाही, पण दोघांत वाटली गेली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, भावोजी, मुलगा एकतीस वर्षांचा झाला. त्याला घेऊन यायला हवं होतं. वेलांटीनं त्याचं काय चाललंय ते विचारलं, आणि हिशेबनीस झाला कळल्यावर तो पहिल्यांदा मोकळा हसला. चला, म्हणाला, आकडे घरात राहिले.

मग बराच वेळ तो दारातून दिसणाऱ्या व्हॅनकडे बघत होता. वरच्या बिछान्याची कड खिडकीतून दिसत होती. मोकळी, पुसलेली.

"त्या दगडांतला एखादा राहिलाय का रे?" त्यानं विचारलं.

"एक," बुवा म्हणाले. "पुलाच्या वळणावरचा. दर वर्षी रंगवतो."

"नीट केलास ना पण तो?"

"नाही. तुझी अक्षरं आहेत त्याच्यावर. तसाच ठेवलाय."

वेलांटी उठला. भिंतीला धरत खुंटीपर्यंत गेला आणि त्यानं आपली पिशवी काढली.

"काय लिहिलंयस त्याच्यावर? माझं गाव किती लांब?"

"बेचाळीस," बुवा म्हणाले.

"मग जवळच आहे की," वेलांटी म्हणाला, आणि त्यानं आत हाक मारून लेकीला आपलं अंथरूण गुंडाळायला सांगितलं.